प्रतिवादी हजर?

आमच्या सोसायटीतला कुत्रा मी पळवला. भर दुपारी, वकीलबाईंच्या बागेतून, बिस्किटं दाखवून. हे वाक्य मी आजवर कुणापुढेही उच्चारलेलं नाही. बायकोपुढेही नाही, आणि तिच्यापासून एरवी मी फक्त रक्तातली वाढलेली साखर लपवतो. आता लिहायला बसलोय तर छाती धडधडतेय, पण गंमत अशी की त्या धडधडण्यात भीती कमी आणि त्या दुपारचा आनंद जास्त आहे. तो आनंद हीच तर खरी अडचण आहे. ते पुढे येईल. आधी वकीलबाई.

त्यांच्या दाराची बेल वाजवली की आतून दोनच शब्द यायचे. "या. हेतू?"

हेतू सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दूधवाला, इस्त्रीवाला, मतदारयादीवाले, हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आलेली नवी सून, सगळ्यांना एकच प्रश्न. एकदा सामान पोचवणाऱ्या कंपनीचा एक पोरगा दारात उभा होता. बाईंनी विचारलं, "हेतू?" तो गोंधळून पिशवीत डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, पनीर." बाई गंभीरपणे म्हणाल्या, "हेतू मान्य." मी तेव्हा जिन्यात होतो. हसू दाबताना कठड्याला धरून उभा राहिलो.

उभी हयात त्यांनी शिवाजीनगर कोर्टात दिवाणी दावे चालवले. खून-मारामाऱ्यांत त्यांना रस नव्हता. दोन घरांच्या मधली बोळ, कुणाच्या पागोळ्यांचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, कुणाच्या आंब्याची फांदी कुणाच्या गच्चीवर आली, हा त्यांचा प्रांत. नारायण पेठेतल्या घराच्या वाटणीवरून त्यांनी सख्ख्या भावावर दावा लावला, जिंकला, आपला हिस्सा विकला आणि आमच्या हिंजवडीकडच्या सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला. तरी भाऊबीजेला सकाळी पहिली रिक्षा करून त्याच भावाकडे. मी एकदा भीतभीतच विचारलं, तर म्हणाल्या, "दावा वेगळा, ओवाळणी वेगळी. एकात दुसरं मिसळलं की दोन्ही नासतं."

सुती साडी, तिच्याखाली धावण्याचे बूट, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. आणि दर रविवारी बागेतल्या दोरीवर उन्हाला टांगलेला काळा कोट. हा कोट वाळत असताना समोरून जाणारे आयटीतले तरुणसुद्धा उगीच सरळ चालायचे.

त्यांच्या फ्लॅटला लागून बागेचा एक पट्टा आहे. बिल्डरने करारात दिलेला, बाईंचा खासगी. तिथे त्यांना कुंपण हवं होतं आणि सोसायटीच्या नियमात कुंपण बसत नव्हतं. मग बाईंनी क्रीडांगणावर मारतात तशी फक्कीची पांढरी रेघ मारून घेतली. दर आठवड्याला ती स्वतः ताजी करायच्या, वाकून, कमरेला हात लावून. रेघेच्या अलीकडे सोसायटी, पलीकडे बाई. मुलांचा चेंडू आत गेला तर त्यांचा नियम स्पष्ट होता. चेंडू आत येणं हे अतिक्रमण नाही, तो आणायला येणं हे आहे. म्हणून आमच्या सोसायटीतली झाडून सगळी इंग्रजी शाळेतली पोरं, ज्यांना एकोणसाठ म्हणजे किती ते कळत नाही, ती त्या रेघेपाशी उभी राहून अस्खलित म्हणायची, "प्रवेशाची परवानगी आहे का?"

अतिक्रमणाचा कायदा मला त्यांनी पहिल्याच भेटीत शिकवला. मी देखभालीच्या कामासाठी गेलो होतो. हेतू सांगितला, आत घेतलं, कोकम सरबत दिलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्याच्या जागेत नुसतं पाऊल पडणं हा अजून गुन्हा नाही, सेक्रेटरी. गुन्हा करायला, धमकवायला, अपमान करायला किंवा छळायला टाकलेलं पाऊल हा गुन्हा. पाय सगळ्यांचे सारखेच. कायदा पायाकडे बघत नाही, हेतूकडे बघतो."

मी मान डोलावली. मी बोलणारा माणूस नाही. सेक्रेटरी झालो तोही त्यामुळेच. सभेत सगळे एकदम बोलत होते आणि मी एकटा गप्प होतो, एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली.

आता कुत्रा. तांबूस, एक कान दुमडलेला, कुणाचाही नसलेला. नसबंदी झालेली होती, कानावर त्याची खूण होती. सोसायटीचं फाटक त्याला नुसतंच फाटक वाटायचं आणि बाईंची रेघ तर त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. बाईंच्या अनंताच्या झाडाखाली गार मातीत पोट टेकून झोपणं हा त्याचा उद्योग. बाईंनी त्याचं नाव ठेवलं प्रतिवादी. मुलांनी त्याचं केलं प्रत्या.

दर आठवड्याला माझ्याकडे बाईंची तक्रार यायची. प्रतिवादीने अमुक दिवशी अनुमतीविना प्रवेश केला, अनंताच्या मुळाशी खड्डा केला, हाकलले असता शेपूट हलवली. आणि रोज सकाळी, कोर्टात शिपाई देतो तसा, बाई पायरीवर उभ्या राहून पुकारा द्यायच्या. "प्रतिवादी हजर?" तीन वेळा. तिसऱ्याला कुत्रा झाडाखालून उठायचा, अंग ताणायचा आणि त्यांच्यासमोर येऊन बसायचा. मग बाई त्याला आदल्या दिवसाचे अपराध वाचून दाखवायच्या. तो ऐकायचा. माझ्या कंपनीतल्या बैठकांत इतकं कुणी ऐकत नाही. ते झालं की बाई दूध-पोळीचा काला घेऊन यायच्या आणि भांडं ठेवायच्या रेघेच्या बाहेर, कधीही आत नाही. कुत्रा बाहेर जाऊन खायचा आणि आत येऊन झोपायचा.

मी पहिल्या मजल्यावर, बरोबर वर राहतो. एकदा बाल्कनीतून विचारलं, आतच का देत नाही? बाईंनी वर बघितलं. "आत वाढलं की ती परवानगी झाली. परवानगी झाली की माझी तक्रार संपली."

तक्रार संपू द्यायची नव्हती, हे मला कळायला फार वेळ लागला.

बाकीच्यांच्या कुत्र्यांशीही त्यांचं वाकडं होतं, पण तिथे कुत्र्याला दोष नसायचा. शेजारच्या इमारतीतल्या एक बाई आपलं केसाळ, पिटुकलं कुत्रं रोज फिरायला आणायच्या आणि ते नेमकं रेघेच्या पलीकडे जाऊन शी करायला बसायचं. मालकीणबाई म्हणाल्या, "आँटी, ही डझन्ट नो ना." वकीलबाई म्हणाल्या, "त्याला कुठून कळणार? दोरी आहे ना. हेतू दोरीच्या वरच्या टोकाला असतो." त्या दिवसापासून केसाळ कुत्र्याने दिशा बदलली.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर अकोल्याहून आलेले एक गृहस्थ राहतात. आयटीत आहेत, सरळ माणूस, मुलगी लहान. प्रत्या एकदा लिफ्टच्या दारात तिच्या अंगावर भुंकला. चावला नाही, पण मुलगी पार घाबरली. शाळेला जाताना बापाच्या मानेला लटकून जायला लागली. गृहस्थ हात जोडून बाईंकडे गेले होते. मीही होतो बरोबर. "बाई, माही पोरगी लिफ्टमधून बाहेर निघत नाही. काऊन ठेवता त्याले?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मी ठेवत नाही. तो राहतो. माझीही त्याच्याविरुद्ध तक्रारच आहे."

प्रकरण सभेत गेलं. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर पंख्याऐवजी पाण्याचे पाइप. अध्यक्षांनी बाईंच्याच तक्रारींचा गठ्ठा हातात धरला आणि सांगितलं, पुरावा भरपूर आहे. अकोल्याच्या गृहस्थांनी एक खासगी गाडीवाला ठरवला होता. तो कुत्री धरतो आणि लांब कुठेतरी सोडतो. कुठे, ते त्याला कुणी विचारत नाही. येत्या रविवारी सकाळी तो येणार होता.

बाई उठल्या. काळा कोट घालून आल्या होत्या, मे महिन्यात. त्यांनी सांगितलं की असं उचलून लांब सोडणं कायद्यात बसत नाही. नसबंदी केलेला कुत्रा त्याच जागी राहतो. अध्यक्ष वैतागले. ते म्हणाले, "अहो बाई, दर आठवड्याला तक्रार तुम्हीच करता ना? तुमचाच प्रश्न सोडवतोय आम्ही."

"प्रश्न सोडवा असं मी कधी म्हटलं? मी तक्रार केली आहे. ती प्रलंबित आहे. निकाल लागेपर्यंत प्रतिवादीला हलवता येत नाही."

"निकाल कोण देणार?"

"ते अजून ठरायचंय."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, कुत्रा माझ्या बागेत झोपतो. त्याला धरायला जो रेघ ओलांडेल त्याच्यावर मी फिर्याद करीन. मी फिर्याद करते की नाही, ते माझ्या भावाला विचारा. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. सेक्रेटरी म्हणून मी काही बोलावं, अशी ती नजर होती. मी इतिवृत्त लिहीत होतो. लिहीत राहिलो.

ठराव मंजूर झाला. सकाळी कुत्रा चहाच्या टपरीकडे जायला फाटकाबाहेर पडतो, तिथेच त्याला धरायचं ठरलं. म्हणजे रेघेचा प्रश्न उरत नव्हता.

त्यानंतरचे दिवस मला झोप नाही. डोळ्यांसमोर रविवारची सकाळ यायची. फाटकात गाडी, गाडीसमोर कोट घातलेल्या बाई, पलीकडे अकोल्याचे गृहस्थ आणि त्यांच्या कडेवर पोर, आणि मधे सेक्रेटरी. सगळे माझ्याकडे बघतायत. मला एक बाजू घ्यायची आहे.

शनिवारी दुपारी बाई बागेकडच्या दाराला कडी लावून झोपल्या. बायको माहेरी. मी बाल्कनीतून खाली बघत होतो आणि प्रत्या अनंताखालून वर, माझ्याकडे बघत होता. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. पुढच्या क्षणी मी ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणि गाडीची किल्ली घेऊन जिना उतरत होतो. कॉलेजपासून इतक्या वेगाने मी जिना उतरलेला नाही.

रेघ त्याच दिवशी ताजी केलेली होती. पांढरीशुभ्र, भुसभुशीत. मी पाय उचलला आणि माझ्या तोंडून, मी शपथेवर सांगतो, आपोआप निघालं, "प्रवेशाची परवानगी आहे का?" अगदी हळू. कुत्र्याने शेपूट हलवली. तेवढ्यावर मी आत गेलो.

तो आला. बिस्किटाच्या मागे, विश्वासाने, रमतगमत. गाडीचं मागचं दार उघडलं तर चढून सीटवर ताठ बसला, तारखेला निघाल्यासारखा. मी गाडी काढली. फाटकाचा वॉचमन पेंगत होता. मुळशीच्या रस्त्याला लागलो तेव्हा माझा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि मी मोठमोठ्याने हसत होतो. खिडकी उघडी, कुत्र्याचं तोंड माझ्या खांद्यावर, त्याची लाळ माझ्या कॉलरवर. आयुष्यात कधी चुकीच्या बाजूने रस्ता न ओलांडलेला मी, कुत्रा पळवत होतो! पन्नाशीला आलेल्या माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

मुळशीकडे माझ्या एका कॉलेजमित्राचं शेत आहे. मित्र परदेशात असतो, शेत एक म्हातारे मामा राखतात. मामांनी कुत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीच विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "राहू द्या. जागा लई हाय."

रविवारी गाडी आली. बाई रेघेवरच खुर्ची टाकून बसल्या होत्या, कोट घालून. मी खाली उभा होतो, घरातल्या चपला घालून. बाईंनी पुकारा दिला. "प्रतिवादी हजर?" पुन्हा दिला. तिसऱ्यांदा देताना त्यांचा आवाज फुटला. अनंताखाली कुणीच नव्हतं.

अकोल्याचे गृहस्थ म्हणाले, "गेला वाटते कुठं." त्यांच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता, आणि तो सगळ्यांना ऐकू आला.

मग बाईंना ठसा दिसला. फक्कीत उमटलेला बुटाचा आख्खा ठसा, आत जाणारा. त्या गुडघ्यावर बसल्या, अंगठा आणि करंगळी ताणून त्याचं माप घेतलं, हात न हलवता उठल्या आणि आमच्या सगळ्यांच्या पायांकडे बघू लागल्या. ज्या बाई पायाकडे बघत नव्हत्या, त्या आता पायच बघत होत्या. त्यांची वीत एकाच्या पायाशी जुळली. अकोल्याच्या गृहस्थांच्या. सर्वसाधारण माप, माझंही तेच. गाडी त्यांनी ठरवलेली, पोर त्यांची घाबरलेली, आनंद त्यांना झालेला. कुणाला शंकाही आली नाही. त्यांनी मुलीची शपथ घेतली. लोक म्हणाले, जाऊ दे हो, झालं ते बरंच झालं. म्हणजे केलं तुम्हीच.

संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या, जिना चढून, पहिल्यांदाच. अज्ञात इसमाने बागेत प्रवेश केल्याची नोंद करा म्हणाल्या. मी लिहून घेतलं. माझ्याच हाताने, माझ्याचविरुद्ध, शुद्ध मराठीत. जाताना दारात थांबल्या.

"मला कुत्र्याचं काही नाही, सेक्रेटरी. पण जो आत आला त्याचा हेतू काय होता, एवढं मला कळायला हवं. मारलं असेल तर मारलं म्हणावं." मग म्हणाल्या, "तुम्ही फार बोलत नाही. म्हणून तुमच्यावर माझा विश्वास आहे."

तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द तोंडात होते. पण पाठोपाठ दिसलं की त्या लगेच विचारणार, हेतू? आणि मी काय सांगणार होतो? कुत्र्याला वाचवायला गेलो, असं गेली कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलोय. ते खोटं नाही. पण कुत्र्याला वाचवायचं असतं तर सभेत तोंड उघडता आलं असतं. मी रविवारची सकाळ टाळायला रेघ ओलांडली. दोघांच्या मधे उभं राहावं लागू नये, म्हणून भांडणाचं मूळच उचलून गाडीत घातलं. गाडीवाला जे करणार होता तेच मी केलं, फक्त बिस्किटं देऊन. आणि वर मला मजा आली. त्या दुपारी माझ्याइतका खूश माणूस मुळशीच्या रस्त्यावर दुसरा नव्हता. हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तेव्हापासून ते बूट मी घातलेले नाहीत. माळ्यावर आहेत, तळव्याच्या खाचेत फक्की तशीच.

अकोल्याच्या गृहस्थांना बाई तेव्हापासून हेतू विचारत नाहीत. दिवाळीला ते फराळाचं ताट घेऊन गेले, बाईंनी दार उघडलं, बघितलं, लावून घेतलं. त्यांच्या मुलीचा चेंडू मात्र दरवेळी परत मिळतो. "मुलीवर आरोप नाही," असं बाईंनी मला एकदा सांगितलं. मुलगी आता मोठी झाली, कुत्र्यांना भीत नाही. बाप मला परवा लिफ्टमध्ये म्हणाला, "साहेब, त्या बाईनं एकदा मले हेतू विचारला असता तं मी सांगितलं असतं. विचारलंच नाही." मी मान डोलावली.

प्रत्या शेतावर आहे. म्हातारा झालाय, तोंडाशी पांढरा पडलाय, अंगाने सुटलाय. मी अधूनमधून जातो, घरी मित्राच्या जमिनीचं काम सांगतो. गेल्या खेपेला मामा भाकरीचा काला घेऊन आले आणि खळ्याच्या मधोमध ठेवू लागले. मला काय वाटलं कोण जाणे, मी ओट्यावर उभा राहून म्हणालो, "प्रतिवादी हजर?" कुत्रा आंब्याखाली झोपला होता. पहिल्याला कान हलला. दुसऱ्याला मान वर. तिसऱ्याला तो उठला, अंग ताणलं, लंगडत आला आणि माझ्यासमोर बसला. आरोप ऐकायला. मला एकही सुचेना. मामांनी भांडं त्याच्यापुढे सरकवलं तरी तो खाईना. माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मी काठीने मातीत एक रेघ ओढली आणि भांडं पलीकडे ठेवलं. मग गेला आणि खाल्लं.

मामा म्हणाले, "कुत्रं लई शिकलेलं हाय."

वकीलबाई आता थकल्या आहेत. रेघ वाकडी येते, कोट हल्ली दोरीवर जात नाही. दिवाळीनंतर नाशिकला भाचीकडे कायमच्या जाणार आहेत, फ्लॅट बघायला लोक येऊ लागलेत. त्यांनाही दारात तोच प्रश्न. पण पुकारा चुकत नाही. रोज सकाळी मी वर चहा घेत असतो आणि खालून, बारीक झालेल्या आवाजात, तीन वेळा येतो. त्यानंतर त्या अनंताकडे बघत उभ्या राहतात. मग काल्याचं भांडं रेघेच्या बाहेर ठेवतात आणि आत जातात. दुपारपर्यंत कावळे ते संपवतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला मी त्याचं निर्दोषपण देणं लागतो. आणि वकीलबाईंना एक 'हजर'.